टक-टक... परत टक-टक!

रविवारची संध्याकाळ. मुंबईहून पुण्याला परत येतोय. खोपोली मागे पडलेली, समोर घाट, गाडीत फुल्ल आवाजात गाणी. आणि शेजारी बसलेली मैत्रीण एकदम म्हणते, ‘‘अगं, डिकीत काही आपटतंय का?’’

डिकीत काहीच नव्हतं. गाणी बंद केली. टक-टक-टक-टक... ॲक्सिलरेटर दाबला की भरभर, सोडला की हळू. कुणीतरी बॉनेटखाली बसून बारक्या हातोडीने ठोकतंय, असा आवाज. लोणावळ्याला गाडी बाजूला घेऊन बंद केली, तेव्हा माझ्या हातापायांतली शक्ती गेली होती.

हे जून २०२२ मधलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत हाच आवाज मी आणखी दोनदा ऐकला. त्याच गाडीत. म्हणून हा लेख.

गाडी माझी. सेकंडहँड, पण माझी! २०२१ मध्ये घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. १.८ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल आणि... टर्बो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे वाचलंत की कळेल, दोष तिचा नव्हताच. फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलीने असली गाडी घेऊ नये, हे मला किमान अकरा जणांनी सांगितलं होतं. आई म्हणाली, ‘‘ही गाडी तुला खाणार.’’ मी फीचर्स लिहून, जाहिरातींच्या कॉप्या लिहून, एका फॅक्टरीच्या फिल्मची स्क्रिप्ट चार वेळा बदलून देऊन साठवलेले सगळे पैसे तिच्यात ओतले. कारण ती २००० आरपीएमच्या पुढे जो काही धक्का देते ना, त्याला तोड नाही. सॉल्लिड!

लोणावळ्याहून गाडी टो करून आणली ती मामांकडे. मामा म्हणजे कोथरूडच्या एका मागच्या गल्लीतले मेकॅनिक. सगळी गिऱ्हाइकं त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी गाडी जेमतेम अर्धा मिनिट चालू केली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला. मग एकेका सिलिंडरच्या कॉइलची पिन काढून बघितली. तिसऱ्याची काढली आणि आवाज एकदम मऊ झाला. ‘‘तीन नंबर. बेअरिंग गेलं,’’ एवढंच बोलले आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

बेअरिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सायकलचे छर्रे येतात. इथे तसलं काही नसतं. पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, क्रँकला जिथे धरतो तिथे धातूच्या दोन अर्ध्या बांगड्या बसवलेल्या असतात. एक वर, एक खाली. त्यांना शेल म्हणतात. शेल आणि क्रँक यांच्यामधली फट साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर. तुमच्या-माझ्या केसापेक्षा कमी! त्या फटीत ऑइल दाबाने येत राहतं आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगत फिरते. सगळं नीट असेल तर धातू धातूला जवळजवळ लागतच नाही. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरते आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये पंचवीस वेळा भडका उडतो. तो सगळा मार ऑइलचा तो पातळ थर झेलतो. थर फाटला की धातूला धातू, मग उष्णता, मग शेल घासून फट वाढते, मग टक-टक.

मामांनी क्रँक ग्राइंडिंगला पाठवली. पहिला साइज, म्हणजे पाव मिलिमीटर उतरवली, त्या मापाचे जाड शेल टाकले, गॅस्केटं, ऑइल, फिल्टर, मजुरी. एकूण ६२ हजार. दोन हप्त्यांत घेतले. गाडी देताना त्यांनी विचारलं, ‘‘ताई, गाडीला काही केलंय का? चिप वगैरे?’’

‘‘नाही हो मामा.’’

हे खोटं होतं.

दोन महिन्यांपूर्वी मित्राच्या एका मित्राने लॅपटॉप लावून गाडीच्या कॉम्प्युटरचा मॅप बदलून दिला होता. टर्बोचा दाब वाढवलेला, ताकद कितीतरी जास्त. त्याने बजावलंही होतं की पंचाण्णवच्या वरच्या ऑक्टेनचंच पेट्रोल टाक. ते मी पहिले दोन आठवडे टाकलं. मग एका मासिकाचं पेमेंट अडकलं आणि मी गुपचूप पंपावरच्या साध्या, ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर आले. मामांना का सांगितलं नाही? आता विचारलंत तर उत्तर सोपं आहे, लाज वाटली. तेव्हा मात्र मी स्वतःला पटवलं होतं की मॅपचा आणि बेअरिंगचा काय संबंध!

मार्च २०२३. चार हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये, काच खाली होती म्हणून ऐकू आलं. टक-टक.

त्या दिवशी मी मामांच्या गॅरेजमध्ये जे केलं ते लिहायला बरं वाटत नाही. त्यांनी खालून चेंबर उघडून शेल काढले होते. ते मला हातात घेऊन काहीतरी दाखवू बघत होते. मी बघितलंच नाही. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी आवाज चढवून म्हणाले, ‘‘६२ हजार घेऊन नऊ महिनेसुद्धा टिकत नाही? नकली माल टाकलात ना?’’ मामांचा पोऱ्या हातातला पाना तसाच धरून उभा होता. मामा काही बोलले नाहीत. मी तिथल्या तिथे टोइंगवाल्याला बोलावलं आणि उघड्या चेंबरची गाडी वर चढवून घेऊन गेले. रात्री आमच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. दोघांनी आपापल्या गाड्या मामांकडून काढल्या.

आणि दुसऱ्याच आठवड्यात, कुणालाही न सांगता, मी मूळ मॅप परत टाकून घ्यायची व्यवस्था केली. म्हणजे मनात कुठेतरी मला माहीत होतं. पत्रकारितेचा डिप्लोमा नव्हे, चांगली डिग्री आहे माझ्याकडे. दोन्ही बाजू तपासा, हे पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात.

नवं गॅरेज बाणेरकडचं. एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, फरशी इतकी चकाचक की चप्पल काढावीशी वाटते. तिथे इंजिन पूर्ण खोललं. दुसरी वापरलेली पण चांगली क्रँक, स्टँडर्ड मापाचे शेल, नवा ऑइल पंप, नवा ऑइल कूलर. बिल एक लाख ३८ हजार. बिलाबरोबर फोटोंचा अल्बम! मी तो अल्बमही ग्रुपवर टाकला. शोभतं मला.

त्यानंतर मी शहाण्यासारखी वागले. मूळ मॅप, चांगलं पेट्रोल, पाच हजारांऐवजी तीन हजारांनाच ऑइल बदलायचं असं कॅलेंडरवर लिहिलेलं. ते तीन हजार आलेच नाहीत. फेब्रुवारी २०२४, सातारा रोड, २२०० किलोमीटर. आधी डॅशबोर्डवर ऑइलचा तो अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा लाल दिवा एकदा लुकलुकला. मी बाजूला घेईपर्यंत... तुम्हाला माहीत आहे काय ते.

खात्यात तेव्हा ४१ हजार होते आणि पुढच्या महिन्याचं घरभाडं त्यातच. चकाचक गॅरेजने फोनवर सांगितलं की इंजिनच्या कामाला गॅरंटी सहा महिन्यांची, ती संपली. टोइंगवाला योगायोगाने तोच, गेल्या वेळचा. हुक लावून झाल्यावर त्याने विचारलं, ‘‘कुठं सोडू?’’ मी बराच वेळ गप्प. मग कोथरूडचा पत्ता सांगितला.

मामांनी ‘या’ म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. पोऱ्याला म्हणाले, ‘‘आत घे गाडी.’’ मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. मॅप, पेट्रोल, ग्रुपवरचा मेसेज. मॅपपर्यंत ते ऐकत होते. मेसेजचं ऐकल्यावर हात पुसायला आत गेले आणि बऱ्याच वेळाने आले. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा.

डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन पुड्या. प्रत्येकीवर मार्करने तारीख. आत माझ्या गाडीचे शेल, प्रत्येकाच्या पाठीवर सिलिंडरचा नंबर आणि ‘वर’ किंवा ‘खाली’ लिहिलेलं. दोन्ही वेळचे. ‘‘पहिल्या वेळचे का ठेवले?’’ मी विचारलं. ‘‘पटलं नव्हतं मला,’’ मामा म्हणाले.

तिसऱ्या वेळचे शेल दुसऱ्या दिवशी निघाले. मग त्यांनी बाकड्यावर पेपर पसरून तिन्ही संच ओळीने मांडले, ट्यूबलाइट खाली ओढली, आणि मला स्टूल दिलं.

पहिला संच. तीन नंबरचे दोन्ही शेल तर गेलेच होते, पण बाकी तिन्ही सिलिंडरचे फक्त वरचे शेल झिजलेले, तांबूस पडलेले. वरचा राखाडी थर उडाला की आतलं तांबं दिसतं. खालचे शेल जवळजवळ नवे. आता भडक्याचा दाब पिस्टनवरून रॉडमधून येतो तो वरच्या शेलवरच. म्हणजे ऑइल येत होतं, पण वरून मार जास्त होता. जास्त दाबाचा टर्बो, कमी ऑक्टेनचं पेट्रोल, त्यामुळे पेट्रोल नीट जळण्याऐवजी आत स्फोटासारखं फुटतं. त्यात मी घाट पाचव्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ॲक्सिलरेटर तळाला लावून चढायचे, कारण टर्बो ओढतो ना! क्रँक जितकी हळू तितका ऑइलचा थर पातळ, आणि नेमका तेव्हाच सगळ्यात मोठा घाव. ‘‘हे तुमचं,’’ मामा म्हणाले.

दुसरा संच. वर-खाली सगळ्याच शेलवर गोल गोल ओरखडे आणि अंगात रुतलेले चमकणारे कण. नखाला टोचत होते. मामांनी तो बराच वेळ हातात फिरवला. पहिल्या वेळी फुटलेल्या शेलचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे गेला होता. तो क्रँकच्या आतल्या ऑइलच्या भोकांत अडकतो, त्यात ग्राइंडिंगची धूळ पडते. ती भोकं बारीक ब्रश घालून साफ करावी लागतात. ऑइल कूलरच्या आतल्या पापुद्र्यांतला चुरा तर धुऊनही निघत नाही, कूलर बदलावाच लागतो. ‘‘लेथवाल्याने भोकं धुतली असतील असं धरून चाललो. कूलर तुमचे पैसे वाचावेत म्हणून जुनाच बसवला. हे माझं.’’ इतकं सरळ. मला वाटतं, त्या वाक्याने मी जितकी ओशाळले तितकी ओरडा खाऊन ओशाळले नसते. नकली माल नव्हता, पण चूक होती आणि ते ती वर्षभर डब्यात ठेवून होते. त्याच दिवशी दाखवत होते, मी बघितलं नाही.

तिसरा संच वेगळाच. चारही सिलिंडरचे शेल काळे-निळे, पुसून काढल्यासारखे, ओरखडे नाहीत, कण नाहीत. ही ऑइलच न मिळाल्याची खूण. पण पंप नवा, ऑइलची पातळी बरोबर. मग मामांनी चेंबरमधला स्ट्रेनर पुढे केला. ऑइल इथूनच वर खेचलं जातं. त्याच्या जाळीला निळ्या रबराच्या शेवया चिकटलेल्या. चेंबर बसवताना कडेला जो सीलंट लावतात, तो कुणीतरी टूथपेस्टसारखा सढळ हाताने लावला होता. बोल्ट आवळल्यावर जादाचा आत सरकला, वाळला, तुटून ऑइलमध्ये पडला. हळू चालवताना भागत होतं, हायवेला भागलं नाही. मी फोनमधला तो अल्बम काढला. चौदाव्या फोटोत तो निळा पट्टा स्पष्ट दिसतोय. मी तो फोटो कौतुकाने झूम करून बघितला होता.

आजार एकच आहे असं समजून मी दोन वर्षं एकच गुन्हेगार शोधत होते. निघाले तीन.

तिसऱ्यांदा काम झालं तेव्हा मी रोज संध्याकाळी स्टुलावर जाऊन बसायचे. भोकांतून ब्रश फिरवून, वर पांढरं फडकं लावून बघितलं. टर्बोलाही हेच ऑइल जातं आणि त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे मारतो, म्हणून तोही उघडून तपासला. फट मोजायला मामांनी प्लास्टिकचा केसासारखा धागा क्रँकवर ठेवला, रॉड आवळला, परत खोलला आणि चपटा झालेला धागा पट्टीशी लावून रुंदी बघितली. आठवेळा तरी खोल-बंद केलं असेल. चालू करण्याआधी कॉइल आणि इंजेक्टरच्या पिना काढून नुसता स्टार्टर मारला, लावलेल्या प्रेशर गेजचा काटा हलेपर्यंत. मग गरम इंजिनवर मोजलं. गॅरेजचा ठोकताळा असा की दर हजार आरपीएमला निदान दहा पीएसआय हवेत. तीन हजारला काटा पन्नासच्या पुढे होता. मामा गेजकडे बघत होते, मी मामांकडे.

मजुरी त्यांनी अर्धीच घेतली. दुसऱ्या संचाची वजा केली म्हणाले. भाडं त्या महिन्यात दादाने भरलं.

ग्रुपवर मी दुसरा मेसेज टाकला, पहिल्याइतकाच लांबलचक. त्या दोघांना फोनही केले. एक जण गाडी घेऊन मामांकडे परत गेला. दुसरा म्हणाला, ‘‘जाऊ दे ना यार, आता नवीन माणूस बघितलाय, बरा आहे.’’ हे मी मामांना सांगितलं, त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि रेडिओ लावला.

पाचशे किलोमीटरला फिल्टर काढला. मामांनी त्याचा पत्रा कापला, आतला घड्यांचा कागद सोडवून उन्हात पसरला आणि मला म्हणाले, ‘‘बघा आता. लोहचुंबक नको, शेलचा चुरा चुंबकाला लागत नाही. डोळ्यांनीच बघायचं.’’ एकेक घडी उलगडून बघितली. दोन बारीक ठिपके चमकले. मी त्यांच्याकडे बघितलं. ‘‘एवढे चालतात,’’ ते म्हणाले, ‘‘हजारला परत या.’’