सव्वीस जानेवारीला गावात कोण असतं?

२०२४च्या दिवाळीनंतर भाऊ आणि वहिनी उचल घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला गेले, आणि त्यांची थोरली लेक माझ्याकडे केजला राहिली. आठवीनंतरचे दोन हंगाम तिने फडात काढले होते. धाकट्या भावाला सांभाळायचं, कोपीत भाकरी थापायच्या, वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या. शाळा सुटली ती सुटलीच. त्या वर्षी मात्र तिने हट्ट धरला, म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून तिला बाहेरून दहावीला बसवलं. गणित शेजारच्या सरांनी पत्करलं. इतिहास-राज्यशास्त्र माझ्या वाट्याला आलं. अंबाजोगाईला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं त्याला वीस वर्षं होऊन गेलेली, पण विषयाची ओढ अजून होती.

क्लासला पैसे नव्हते, म्हणून फुकट काय मिळतं ते शोधायला लागले आणि चकितच झाले. बालभारतीची पुस्तकं फोनवर विनामूल्य उतरवता येतात. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने टिपला की धड्याचे व्हिडिओ उघडतात. भारताचं संविधान मराठीत सरकारी संकेतस्थळावर अख्खं वाचायला मिळतं. एखादी संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश आहे, संसदेचं कामकाज बघायचं तर संसद टीव्ही. आमचा खर्च झाला तो झेरॉक्सचा आणि दोन वह्यांचा.

पण सगळं समोर असूनही पोरगी पाठच करत होती. कलमं घडाघडा म्हणायची आणि पुढे गप्प. ती पहिल्यांदा खरी बोलली ती २० नोव्हेंबरला. त्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं आणि आमचा धडा होता ‘निवडणूक प्रक्रिया’. मी बोटाला शाई लावून घरी आले. तिने माझ्या बोटाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘आत्या, सैनिकाला टपालानं मत देता येतं. मग तोडकऱ्याला का नाही?’’

टपाली मतदान कुणाला मिळतं ते आम्ही शोधून काढलं. सेनादलातले मतदार, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांपुढचे ज्येष्ठ, अपंग मतदार. पोटासाठी गाव सोडणारा मजूर त्या यादीत नाही. स्थलांतरितांना बाहेरूनच मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३मध्ये एक दूरस्थ मतदानयंत्र राजकीय पक्षांपुढे मांडलं होतं, पण ते वापरात आलेलं नाही. तिने हे सगळं वहीत उतरवलं आणि खाली आईवडिलांची नावं लिहिली. ती नावं मी खोडू दिली नाहीत.

मग मी शिकवण्याची तऱ्हाच बदलली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी निवृत्तीनंतर, २००९ साली, मुलांना राज्यकारभार समजावा म्हणून आयसिव्हिक्स हा विनामूल्य उपक्रम सुरू केला. त्यातल्या खेळांत मूल स्वतः खटला चालवतं, कारभार हाकतं. हे कळल्यावर मी ठरवलं, आपण घरात ग्रामसभा भरवायची. माझी आई झाली सरपंच, मी ग्रामसेवक, भाची गावकरी.

तयारीसाठी तिने ग्रामसभेचे नियम वाचले. ७३वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३मध्ये अमलात आली. आपल्याकडे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा रूढ आहेत. सभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. इथे ती थांबली. ‘‘आत्या, सव्वीस जानेवारीला आपल्या गावात असतं तरी कोण?’’

खरंच, कोण असतं? म्हातारी माणसं, लेकरं आणि कुलपं. बालाघाटातल्या आमच्यासारख्या कितीतरी गावांची हीच गत.

राज्यशास्त्राच्या पहिल्याच धड्यात माहितीचा अधिकार येऊन गेला होता, तो इथे कामी आला. कायदा २००५चा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. तिनेच अर्ज लिहिला, मी फक्त शुद्धलेखन बघितलं. आदल्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेचं इतिवृत्त मागितलं. महिन्याच्या आत कागद हातात आला. सभा गणपूर्तीअभावी तहकूब, पुढच्या तारखेला पुन्हा भरली, हजर तेवीस. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे ठराव कायदेशीर होते. तिने ते तीनदा वाचलं. नियम कुणीच मोडला नव्हता, तरी अर्धं गाव वगळलं गेलं होतं.

त्या रात्री मी तिला मराठवाड्याची गोष्ट सांगितली. संविधान सभा बसली तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि त्या सभेत हैदराबादचे प्रतिनिधी नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झालं आणि २६ जानेवारी १९५०पासून तेच संविधान आपलं झालं. ते लिहिताना आपण तिथे नव्हतो, म्हणून त्यातले हक्क आपल्याला कमी मिळाले नाहीत. ती बराच वेळ काही बोलली नाही.

२१ फेब्रुवारीला परीक्षा सुरू झाली तेव्हा फडात तोड चालूच होती. वहिनीचा फोन रोज रात्री यायचा. पेपर कसा गेला हे विचारण्याआधी जेवलीस का विचारायची.

पाडव्यानंतर भाऊ-वहिनी गावी परतले. १ मेच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होती. भाचीने एक अर्ज लिहून दिला. तोडीला जाणाऱ्या घरांची आणि त्यांच्या लेकरांची यादी १५ ऑगस्टच्या सभेतच वाचावी, म्हणजे मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी गाडी भरायच्या आत जाईल. ती अजून मतदार नव्हती, म्हणून अर्जावर अंगठा वहिनीचा. वाचूनही वहिनीनेच दाखवला असता, पण तिला वाचता येत नाही. सभेत ती उभी राहिली आणि लेकीने रात्रभर घोकवून घेतलेला मजकूर एक शब्द न चुकता बोलली.

पेपरासाठी पाठांतर नको म्हणून मी हंगामभर पोरीच्या मागे लागले होते. त्या दिवशी तिच्या आईचं पाठांतर ऐकताना माझे डोळे भरून आले. अर्जाची पोच भाचीने राज्यशास्त्राच्या वहीत चिकटवली आहे, टपाली मतदानाच्या यादीखाली, आईवडिलांच्या नावांशेजारी.