एक-पंधरांश सेकंदाचा घाट

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत पुण्याच्या शेवटच्या रेषेपाशी कॅमेरा घेऊन उभं राहण्यात मला कधीच रस वाटला नाही. तिथे मांडव असतो, माइक असतो, हार घेऊन ताटकळलेली मंडळी असतात, आणि जिंकणारा पापणी लवायच्या आत निघून गेलेला असतो. शर्यत खरी घडते बोरघाटात. खोपोली मागे पडली की रस्ता चढायला लागतो आणि मुंबईपासून एकमेकांच्या आडोशाने आलेला घोळका पहिल्या काही वळणांतच उसवतो. सपाटीवर पुढच्याच्या मागे लपून वारा चुकवता येतो. चढावर चुकवायचं असतं ते वजन, आणि ते ज्याचं त्यालाच वर न्यावं लागतं. घाट पहिला सर करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. मला तर ही पदवी पुण्यातल्या पहिल्या नंबरापेक्षा मोठी वाटते.

माझी जागा शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे, वळणाच्या आतल्या अंगाला. घाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला. इंग्रजांना ही वाट ज्या धनगराने दाखवली असं सांगतात, त्याचं हे देऊळ. ट्रकवाले अजूनही इथे हात जोडतात, खिडकीतून नाणं टाकतात. सायकलवाल्यांना हँडलवरचा हात सोडायची सोय नसते. काहीजण नुसती मान लववतात. ती भक्तीने लवते की दमल्यामुळे, हे कॅमेऱ्यालाही कळत नाही.

जागा देवळासाठी निवडलेली नाही, झाडांसाठी निवडली आहे. इथे सावली दाट असते, आणि मला हवा असलेला फोटो उन्हात निघतच नाही. सरळ हिशेब आहे. मला शटर १/१५ सेकंद उघडं ठेवायचं असतं. भर उन्हात एवढा वेळ उघडं ठेवलं तर भिंगाचं छिद्र कितीही बारीक करा, सगळं पांढरं पडतं. मग काळी एनडी काच लावा, आणि त्या काचेमागून फ्लॅशही मिणमिणतो. दाट सावलीत मात्र आयएसओ १००, एफ ११ आणि १/१५ असं जमून जातं. माझ्या जुन्या फ्लॅशचा गाईड नंबर ४०. त्याला ११ ने भागलं की साडेतीन मीटर येतात. म्हणजे त्याचा उजेड पोचतो तो रस्त्याच्या कडेपासून जेमतेम मधल्या पट्ट्यापर्यंत. त्यामुळे दूरची मोठी लेन्स घेऊन डोंगरावर बसायची चैन इथे नाही. वाइड लेन्स लावून इतकं जवळ जावं लागतं की गडी पुढून जाताना त्याचा श्वास ऐकू येतो.

हजारांश सेकंदाला टिपलं तर आरा न् आरा मोजता येतो, आणि सायकल स्टँडवर लावून ठेवल्यासारखी दिसते. माणूस वर बसून उगाच तोंड वाकडं करतोय असं वाटतं. स्पष्ट फोटोचा हा अन्याय मला सहन होत नाही. म्हणून १/१५, म्हणून फ्लॅश. एकाच फ्रेममध्ये दोन वेळा नांदतात. फ्लॅश पेटतो सेकंदाच्या हजाराव्या, कधी दहा हजाराव्या भागापुरता. तेवढ्यात डोळे, दात, हनुवटीवरून सुटू बघणारा घामाचा थेंब, पोटरीवर उमटलेला चेनच्या तेलाचा काळा दातेरी शिक्का, एवढं सगळं पक्कं होऊन जातं. उरलेला वेळ झाडीतून गळणारा उजेड त्याच चित्रावर हात फिरवत राहतो. ताशी १८ किलोमीटरने चढणारा माणूस एका सेकंदात ५ मीटर जातो, म्हणजे १/१५ सेकंदात साधारण ३३ सेंटिमीटर. ही वीतभराहून जास्त सरक त्या फोटोत राहते.

फ्लॅश कधी पेटवायचा यावर सगळं अवलंबून. साधारणपणे कॅमेरा शटर उघडताक्षणीच फ्लॅश मारतो. मग स्पष्ट चेहरा मागे राहतो आणि धूसर रेघा त्याच्या पुढे धावतात. गडी उलटा, खोपोलीकडे निघालाय असं दिसतं. दुसऱ्या पडद्याचं सिंक लावलं की शटर मिटायच्या किंचित आधी फ्लॅश पडतो. आता रेघा मागे, माणूस पुढे. घाटात हे लावायला विसरू नये, एवढ्या कष्टाने वर आणलेल्या माणसाला खाली पाठवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

कॅमेरा स्थिर धरावा की गड्याबरोबर फिरवावा, हा वाद मी माझ्यापुरता मिटवलेला नाही. स्थिर धरला तर चाकात एक गंमत दिसते. टायरचा जो बिंदू रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी थांबलेला असतो, आणि चाकाच्या माथ्यावरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. म्हणून खालचे आरे बरेच स्पष्ट येतात आणि वरचे विरघळून जातात. कंबरेतून वळत कॅमेरा बरोबर नेला तर ही गंमत जाते. सगळे आरे सारखेच धूसर होतात, पण झाडं आडवी वाहायला लागतात आणि माणूस त्यातून वर येतो. पाऊल मात्र तेव्हाही हाती लागत नाही. मिनिटाला ६० फेरे मारणारा पाय १/१५ सेकंदात २४ अंश फिरतो, सात-एक सेंटिमीटरची कमान काढतो. आणि दमलेला गडी सीट सोडून उभा राहिला की सायकल त्याच्याखाली डावी-उजवी झुलते. हे झुलणं टिपायला मी उन्हाळ्यातही फ्लॅश घेऊन फिरेन.

झाक-आंरी लार्तीग या फ्रेंच माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका मोटार शर्यतीचा फोटो काढला. गाडीचं चाक पुढे कललेलं लंबगोल, आणि मागचे प्रेक्षक व खांब उलट दिशेला झुकलेले. त्याच्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे काचेवरून सरकणारी एक फट. ती सरकेपर्यंत गाडी पुढे गेली आणि तो स्वतः कॅमेरा फिरवत होता, म्हणून सगळं असं तिरपं झालं. अमेरिकेत एमआयटीमधल्या हॅरल्ड एजर्टनने पुढे याच्या नेमकं उलटं केलं. त्याच्या फ्लॅशने दुधाच्या थेंबाचा मुकुट हवेत गोठवला, बंदुकीची गोळी सफरचंदातून आरपार जाताना थांबवली. दोघांचाही मी भक्त आहे, पण घाटात उभं राहिलं की मन लार्तीगकडे झुकतं. थेंबाला दम लागत नाही.

बेल्जियममधल्या चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यतींचे फोटो बघितले तेव्हा हे तंत्र कुणाचं आहे ते कळलं. हिवाळ्याचा मरगळलेला उजेड, झाडी, सायकल खांद्यावर घेऊन चढ पळत चढणारी माणसं. तिथल्या डीगमची शर्यत तर संध्याकाळी दिव्यांखाली होते. तिथे वेग कमी आणि अंधार जास्त, म्हणजे फ्लॅश आणि धूसरपणा दोघांनाही घर मिळालं. आपला घाट त्यांच्या चिखलाचाच भाऊ. मात्र उतारावर मी फ्लॅश कधी मारत नाही, आणि चढावरही तो हातात आडवा धरून बाजूने मारतो. समोरून डोळ्यांत चमक मारणारे फोटोग्राफर मला आवडत नाहीत. वळणावर क्षणभर आंधळा झालेला माणूस कुठे जाईल याची जबाबदारी ते घेणार आहेत का?

आता एक आक्षेप राहतो, आणि तो मला स्वतःलाच टोचतो. घाटात या माणसांचा वेग काय असतो? शेवटी शेवटी तर धावणारा पोरगाही त्यांना गाठेल. मग फोटोत ते वादळासारखे का दिसावेत? ही फसवणूक नाही का? मी असं मानतो की रेघा वेगाच्या नसतात, ओढाताणीच्या असतात. खांदा वर गेला, सायकल डावीकडे कलली, गुडघा बाहेर फेकला गेला, हे सगळं खरंच त्या १/१५ सेकंदात झालं. मीटरवरचा आकडा तेवढा त्यात नाही. पण आकडा ज्याला हवा त्याने पुण्याच्या मांडवात जावं.

पुढचे निघून गेले की पाठीराख्या गाड्या, मोटारसायकली, शिट्ट्या, सगळं वर सरकतं आणि घाट पुन्हा ट्रकवाल्यांचा होतो. मग येतात मागचे. मला हेच आवडतात. एकेकटे, अंतराअंतराने, आपल्याच पुढच्या चाकाकडे बघत. त्यांचा वेग ताशी नऊ-दहावर आलेला असतो, म्हणून शटरही तितकंच ढिलं सोडावं लागतं. असाच एक पोरगा आला. जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे, बाटली रिकामी. कॅमेरा दिसला तसा हसला. दमलेल्या माणसाला हसायलाही ताकद लागते, ती त्याने काढली कुठून कोण जाणे.

“काका, फोटोत तरी जोरात दाखवा!”

मी शटर १/८ वर नेलं. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत सगळ्यात वेगात तोच दिसतो, घाटाच्या राजापेक्षाही.