डोंबारी आणि उंदीर

नांदूर मध्यमेश्वरला येणाऱ्यांची नजर पाण्यावर असते. २०२० साली हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून तर थंडीत दुर्बिणींची गर्दीच. मला जलाशयाच्या अलीकडची कोरडी वावरं जास्त आवडतात. गहू निघालेल्या रानात डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढतो, पंख मिटून कोसळतो, लांब शीळ घालतो, आणि आता आपटणार असं वाटतं तोच पुन्हा वर. पोट काळंकुट्ट, त्यामुळे आभाळात उठून दिसतो. शेवटी उतरतो मात्र ढेकळावर. झाडाशी त्याचं काही देणंघेणं नाही. घरटं म्हणजे गवताच्या ठोंबाआड किंवा खुराच्या खळगीत काड्यांचं अस्तर, कडेला चार खडे.

त्याच वावराच्या बांधाला ताजा उकीर पडलेला असतो. आत काळा उंदीर. रात्री ओंब्या कुरतडून बिळात ओढायच्या, धान्याची खोली वेगळी, तोंडाला मातीचा बोळा. सह्याद्रीच्या भातपट्ट्यात कातकरी कापणीनंतर अशी बिळं उकरून लोंब्या काढत, उंदीरही खात. त्यांनी उंदराला निदान कोठावळा तरी मानलं. आपण त्याला फक्त चोर म्हणतो.

गाणाऱ्याला बेफिकीर समजणं हाही आपलाच भाबडेपणा. नर गातो तो हद्द सांगायला आणि मादीसाठी. त्याच्याकडे साठा नाही, एवढंच. उन्हाळ कांदा चाळीत भरून लासलगावच्या भावाकडे महिनोन्‌महिने डोळे लावून बसणारे आम्ही निफाडकर कोणाच्या गोतातले, हे सांगायला नको! कौतुक मात्र डोंबारीचं.

कालव्याचं पाणी आलं, ऊस-द्राक्षं आली, बांध ओले राहिले; उंदराचं फावलं. डोंबारीला लागणारी उघडी, पडीक रानं तेवढी आक्रसली.

उंदीर मारायची रीत ठरलेली आहे. संध्याकाळी सगळी बिळं बुजवायची, सकाळी जी उघडलेली दिसतील ती चालू. उंदीर संशयी, म्हणून आधी साधा भरडा तेल लावून द्यायचा. तो खाल्ला की मग झिंक फॉस्फाइड घातलेला, बिळात खोलवर, आणि तोंड लिंपून टाकायचं. हे शेवटचं काम कंटाळ्यापोटी राहतं. विष बांधावर सांडलेलं असतं, आणि उंदीर तर रात्री बाहेर पडणार. दिवसभर त्या बांधावर दाणे टिपत डोंबारीच फिरत असतो.