इंजिन बदललं, रूळ तेच

गोंदिया जंक्शनला पूर्वी दोन मापांचे रूळ होते. मुंबई-हावडा मार्गाची १६७६ मिलिमीटरची मोठी लाइन आणि बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी ७६२ मिलिमीटरची छोटी लाइन. आजोबांच्या गोष्टींत छोट्या लाइनवर कोळशाचं इंजिन धापा टाकत चढ चढायचं. मी पाहिलं ते डिझेलचं. त्या दोघांच्या मधल्या काळात रुळांचं माप काही कुणी बदललं नव्हतं.

कॉलेजात जावाच्या तासाला इंटरफेस आला. मेथडची नुसती नावं, आत काही नाही. आत काहीच नसेल तर शिकायचं कशाला, हा आमच्या बाकावरचा लाडका विनोद. मला मात्र ते गेज वाटलं. चाकांमधलं अंतर जुळलं की आत वाफ आहे की डिझेल, याची चौकशी रूळ करत नाही.

ॲब्स्ट्रॅक्ट क्लास पचायला पुण्याची नोकरी लागली. आता गोंदियात शिकवताना त्यासाठी धानखरेदी घेतो; इथल्या पोरांना ती समजावून सांगावी लागत नाही. आधारभूत केंद्रावर धान साधारण असो की 'अ' दर्जाचं, वजन होतं, ओलावा १७ टक्क्यांच्या आत आहे का बघतात. हे दोघांनाही सारखं, म्हणून 'धान' या ॲब्स्ट्रॅक्ट क्लासमध्ये एकदाच लिहायचं. दर मात्र वेगळा. ती मेथड रिकामी सोडायची; 'साधारण'च्या क्लासने ती भरली नाही तर कंपायलर पुढे जाऊ देत नाही. नुसत्या 'धान'चा ऑब्जेक्टही बनत नाही. बरोबरच आहे, दर्जा ठरल्याशिवाय चुकारा निघतो कुठे?

पावती छापणं मात्र एकट्या धानाचं काम नाही. बारदान्याची पावती असते, मिलला भरडाईसाठी दिलेल्या मालाचीही. ही सगळी एका कुळातली नाहीत; तिथे इंटरफेस. जावात क्लासला बाप एकच, इंटरफेस हवे तेवढे. रिकामी मेथड वारसांवर सोपवायची कल्पना तशी जुनी, ओस्लोत डाल आणि न्यूगोर यांनी घडवलेल्या १९६७ च्या सिम्युला भाषेतली. जावा आली १९९५ मध्ये, आणि इंटरफेस तिने ऑब्जेक्टिव्ह-सीच्या प्रोटोकॉलवरून उचलला.

गेज बदलणं म्हणजे काय, ते गोंदियाने पाहिलंय. छोटी लाइन मोठी करताना टप्प्याटप्प्याने गाड्या बंद. पूल, फलाट, डबे, सगळंच नवं. वापरातल्या इंटरफेसमध्ये एक मेथड वाढवली की तो पाळणारा प्रत्येक क्लास असाच अडतो. जावाकारांनाही हे नडलं. यादी, संच यांसारख्या पायाभूत इंटरफेसमध्ये नवं काही घालावं तर जगभरचा जुना कोड मोडणार. म्हणून २०१४ च्या जावा ८ मध्ये इंटरफेसला मजकुरासकट 'डिफॉल्ट' मेथड ठेवायची मुभा मिळाली. सोय झाली खरी, पण माझं मन तिच्यावर बसत नाही. रूळच गाडी ओढायला लागले तर कसं चालेल!

या धड्यानंतर कुणीतरी विचारतंच, "सर जी, मंग तो ॲब्स्ट्रॅक्ट क्लास कायले पाहिजे?" मी फळ्यावर ओलाव्याचा आकडा लिहितो. प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाचा तो वेगळा. ठेवायचा कुठे? इंटरफेसमधली व्हेरिएबल सगळी स्थिर, एकदा ठरली की सगळ्यांना तीच. तिथे ठेवला तर अख्ख्या जिल्ह्याच्या धानाचा ओलावा एकच निघेल.

"मंग त मजाच हाय जी," मागच्या बाकावरून आवाज येतो, "सगळ्यायचं धान पास!"