टाकीतलं शेवाळ आणि आबांची वही

मी फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात राहतो आणि दहावीत शिकतो. आमच्या घरी खाऱ्या पाण्याची ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटरची, काचेची टाकी आहे. तिच्यात दोन क्लाऊनफिश, एक जांभळा-पिवळा रॉयल ग्रामा आणि थोडी प्रवाळं आहेत. टाकी माझी आहे. म्हणजे पैसे आईबाबांनी दिले, पण काम सगळं मी करतो. निदान मला तसं वाटायचं.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये माझे आजोबा मालवणहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्याच महिन्यात टाकीतल्या दगडांवर हिरवं शेवाळ दिसायला लागलं. सुरुवातीला ते मखमलीसारखं होतं. मला तर आवडलंच! पण जूनपर्यंत ते बोटभर लांब झालं. पाणी हललं की ओल्या केसांसारखं डोलायचं. म्हणूनच इथे त्याला 'हेअर अल्गी' म्हणतात. ते प्रवाळांवर पसरायला लागलं आणि एरवी फुलासारखी उमलणारी प्रवाळं मिटून बसली.

मी हाताने उपटून बघितलं. दहा दिवसांत परत होतं तेवढंच. मग टर्बो जातीच्या सहा गोगलगायी आणल्या. त्या छोटं शेवाळ खातात, पण लांब केसांकडे ढुंकूनही बघत नाहीत. पाणी तपासलं, तर नायट्रेट शून्य आणि फॉस्फेटही शून्य. शेवाळाचं खाणं हेच. मग ते वाढत होतं कशावर?

एका शनिवारी मी लवकर उठलो. बघतो तर आबा चहाचा कप बाजूला ठेवून टाकीत खाणं टाकत होते. चांगली मोठी चिमूट.

"आबा! हे तुम्ही रोज करता?"

"अरे, पहाटेपासून काचेला तोंड लावून बसतात बिचारे. भूक लागते त्यांना."

"मी संध्याकाळी देतो ना! तुमच्यामुळेच झालंय हे सगळं शेवाळ!"

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी डबीचं झाकण लावलं, कप उचलला आणि ते बाहेर अंगणात जाऊन बसले. त्या दिवसानंतर ते टाकीजवळ आले नाहीत. आई म्हणाली, "इथे त्यांना दुसरं काम तरी काय आहे रे?" मी म्हटलं, "पण मी खरं तेच बोललो."

आता सकाळचं खाणं बंद होतं. तरी तीन आठवड्यांत शेवाळ तसूभरही कमी झालं नाही.

शेवटी बाबा मला मत्स्यालयाच्या दुकानात घेऊन गेले. मी दोन बाटल्या नेल्या होत्या. एकीत टाकीतलं पाणी होतं. दुसरीत आमच्या फिल्टरचं ताजं पाणी होतं, ज्यात मीठ मिसळून मी दर आठवड्याला टाकीत घालतो. दुकानातल्या बाईंनी टाकीतलं पाणी तपासलं आणि हसून म्हणाल्या, "शून्य येणारच. पाण्यात जे काही येतं, ते शेवाळ लगेच खाऊन टाकतं. मोजायला मागे उरतंय काय?" मग त्यांनी दुसऱ्या बाटलीत टीडीएस मीटर बुडवला. पाण्यात किती पदार्थ विरघळलेत ते हा मीटर दाखवतो. आकडा ० यायला हवा होता. आला ४१. त्या पाण्यात फॉस्फेटही निघालं.

"फिल्टर कधी बदललेस?"

मी आठवून बघितलं. चौदा महिने झाले होते.

म्हणजे टाकी साफ करतोय असं समजून मीच दर रविवारी शेवाळाला बादलीभर खाऊ घालत होतो. आबांची चिमूटही त्यात होती, नाही असं नाही. पण आबा येण्याच्या कितीतरी आधीपासून बादली माझी होती.

गाडीत मी गप्प होतो. घरी आल्यावर आबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सॉरी कसं म्हणायचं तेच कळेना, म्हणून नुसता आकडा सांगितला. "आबा, एक्केचाळीस आला. शून्य यायला हवा होता. चूक माझी होती."

आबांनी चष्मा पुसला. "बरं. मग आता काय करायचं?"

एवढंच. आणि आम्ही कामाला लागलो.

आबांची नोकरी पोस्टात झाली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची नोंद हवी. त्यांनी एक वही केली. फिल्टर बदलला तो पहिला दिवस. नवं पाणी मोजलं: ०. दर रविवारी आम्ही टाकीतलं २० टक्के पाणी बदलायचो. त्याच वेळी एकेक दगड टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घेऊन जुन्या टूथब्रशने घासायचो. नळाच्या पाण्यात धुवायचं नाही, कारण दगडातले चांगले जिवाणू मरतात. जे दगड हलवता येत नव्हते, त्यांच्यावरचं शेवाळ आबा चिमटीत धरून मुळापासून काढायचे आणि मी नळीने लगेच ओढून घ्यायचो. तुकडा पाण्यात सुटला तर दुसरीकडे जाऊन रुजतो. "लहानपणी विहिरीच्या पायऱ्या अशाच घासायचो," आबा म्हणाले. "वरवर घासलं तर चार दिवसांत पाय घसरायचा."

टाकीचा दिवा ११ तास चालायचा, तो ७ तासांवर आणला. गोठवलेलं खाणं आधी गाळणीत धुऊन घ्यायला लागलो. आणि मासे दिवसातून एकदाच जेवायचे, सकाळी, आबांच्या हातून. चिमूट लहान झाली होती.

मला घाई होती. फॉस्फेट शोषून घेणारी लोहयुक्त भुकटी मिळते. मी म्हटलं, भरपूर घालू या. पण दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं की फॉस्फेट एकदम खाली गेलं तर प्रवाळांना त्रास होतो, त्यांनाही ते थोडं लागतं. म्हणून सांगितल्याच्या निम्मीच घातली.

एकदा घासता घासता आबांनी विचारलं, "समुद्रात हे कोण साफ करतं रे?"

मी शोधलं. कॅरिबियन समुद्रात हे काम लांब काट्यांचे काळे अर्चिन करायचे. १९८३ मध्ये पनामाजवळ ते मरायला लागले आणि वर्षभरात जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमधले ९० टक्क्यांहून जास्त अर्चिन संपले. शेवाळ खाणारे मासे बऱ्याच ठिकाणी आधीच पकडून कमी झाले होते. मग प्रवाळांवर शेवाळ पसरलं. जमैकात तर चक्रीवादळानेही प्रवाळं मोडली होती, त्यात ही भर पडली. २०२२ मध्ये अर्चिन पुन्हा मरायला लागले. या वेळचं कारण सापडलं: एक एकपेशीय जीव. तो शोधणाऱ्या शास्त्रज्ञांचं नेतृत्व साउथ फ्लोरिडा विद्यापीठाने केलं. त्यांचं सागरविज्ञान महाविद्यालय सेंट पीटर्सबर्गला, म्हणजे आमच्या घरापासून खाडीच्या पलीकडेच आहे!

आबा खूप वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे समुद्रातसुद्धा दोन्ही लागतं. खाणाराही हवा आणि जास्तीचं येणंही थांबायला हवं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशांनी मला एक छोटा टक्सिडो अर्चिन घेऊन दिला. तो शिंपले आणि खडे डोक्यावर घेऊन फिरतो. आबांनी त्याचं नाव ठेवलं 'टोपीवाला'. घासून आखूड झालेलं शेवाळ तो रात्रभर खायचा. सकाळी दगडावर त्याची पांढरी वाट दिसायची.

ऑगस्टमध्ये शेवाळ विरळ झालं. सप्टेंबरच्या मध्यावर मिटलेली प्रवाळं परत उमलली. सगळी नाही. एक हिरवं प्रवाळ मेलं, ते काही परत आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये आबा मालवणला गेले. जाताना वही टाकीजवळ ठेवून गेले. त्यांनी सगळे आकडे देवनागरीत लिहिले आहेत, सुंदर, पोस्टातल्या अक्षरात. मीही आता तसेच लिहितो. माझा ५ अजून वाकडा येतो.

दर रविवारी मी वहीच्या पानाचा फोटो आबांना पाठवतो. मागच्या रविवारी त्यांचं उत्तर आलं: "टीडीएस ०, छान. टोपीवाला जेवला का?"