रॅकेटचा तोल आणि हाताचा वेग

एप्रिल २०२३ मध्ये जपानमधील एका चाचणीत सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. हा आकडा प्रसिद्ध झाला आणि आमच्या महाविद्यालयाच्या संघातील मुलामुलींनी एकच मागणी लावून धरली : तशीच रॅकेट हवी. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. जिमखाना समितीचे काम आमच्याकडे असल्याने या मागणीचा निर्णय आम्हालाच करावयाचा होता. स्मॅश रॅकेटचा असतो की हाताचा, हा प्रश्न आशय आणि अभिव्यक्ती यांच्या जुन्या वादाइतकाच गुंतागुंतीचा निघाला.

प्रथम वजनाचा विचार करू. '४यू' अशी खूण असलेली रॅकेट ८० ते ८४ ग्रॅमची, तर '३यू' ही ८५ ते ८९ ग्रॅमची असते. याउलट फूल भरते अवघे ४.७४ ते ५.५० ग्रॅम. हलकी म्हणवणारी रॅकेटही फुलाच्या कितीतरी पट जड असल्याने आणखी पाच ग्रॅमांनी फुलाचा वेग फारसा वाढत नाही. तो मुख्यतः आघाताच्या क्षणी रॅकेटचे डोके किती वेगाने फिरते यावर ठरतो.

खरी मेख आहे ती हे वजन कुठे आहे यात. फिरणाऱ्या वस्तूची जडता अंतराच्या वर्गाने वाढते. त्यामुळे मुठीपाशी न जाणवणारे दोन ग्रॅम टोकाशी गेले की हाताला चांगलेच जाणवतात. डोक्याकडे जड असलेली रॅकेट पूर्वीच्याच वेगाने फिरवता आली तर स्मॅशला धार येते. फिरवता आली नाही तर मूळचा वेगही जातो आणि समोरून आलेल्या स्मॅशपुढे हात उशिरा पोहोचतो. शार्दूलविक्रीडिताची १९ अक्षरांची ओळ ज्या कवीला पेलते, त्याच्या हाती ती भारदस्त होते. ज्याला पेलत नाही, त्याला भरीचे शब्द घालावे लागतात. हे तसेच आहे.

दांड्याचेही असेच. हात पुढे झेपावताना रॅकेटचे डोके क्षणभर मागे राहते, दांडा वाकतो आणि मग सरळ होऊ लागतो. तो सरळ होण्याचा क्षण आघाताशी जुळला तर थोडा वेग पदरात पडतो. ताठ दांडा जलद फटक्याला मानवतो, लवचीक दांडा संथ हाताला सांभाळून घेतो. गटिंगविषयी मात्र मुलांची समजूत नेमकी उलटी होती. २८ पौंडांवर ताणलेली जाळी फुलाला अधिक जोर देत नाही. ती नियंत्रण देते, आणि फूल मधोमध न लागल्यास हिसका थेट कोपरात पोहोचवते. जोर लावणे ज्यांना अजून जमत नाही, त्यांना २२–२४ पौंडांची जाळी अधिक साथ देते.

सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरला विजेतेपद मिळवले. आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. तो लाकडी चौकटींचा काळ होता. चौकट वाकू नये म्हणून रॅकेट चार स्क्रूंच्या प्रेसमध्ये आवळून ठेवावी लागे. अर्थात, यावरून साधन गौण ठरत नाही. त्या चौकटींवर आजचा ताण टिकला नसता आणि आजचा वेगही शक्य झाला नसता. साधनाने खेळाची मर्यादा पुढे सरकते. त्या मर्यादेपर्यंत पोहोचायचे ते मात्र हातालाच.

आम्ही सहा रॅकेटी घेतल्या : '४यू', समतोल, मध्यम लवचीक. उरलेले पैसे फुलांवर खर्च केले, कारण पिसांचे फूल स्मॅशच्या सरावात फार लवकर तुटते आणि सरावाविना रॅकेटचा कोणताही गुण कळत नाही. चौघांच्या बाबतीत हा निर्णय योग्य होता, असे आज म्हणता येते. खेड्यातून आलेल्या आणि शाळेत लोखंडी दांड्याच्या रॅकेटवर शिकलेल्या दोघी मुलींचे तसे नाही. त्यांच्या अग्रबाहूची फिरत इतकी जलद आहे की जड डोके आणि ताठ दांडा त्यांना सहज पेलला असता. तशी रॅकेट घरून आणण्याची त्यांची ऐपत नाही. सर्वांना सारखे देताना सर्वांत समर्थ हातांनाच आम्ही कमी दिले, हा विचार हिशेबाची वही मिटल्यानंतरही मिटत नाही.