आबांची विहीर

कारेगावच्या आमच्या घरून आबा रोज सकाळी विहिरीकडे निघतात. ती जमीन केव्हाच गेली. तिथे आता औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची भिंत आहे. "म्हातारपणी भ्रम होतो," असे मीही म्हणत असे.

दिवाळीत मामेभावाने संगणकावर एक गंमत दाखविली. लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू असताना त्याच नावाची नवी फाईल जुनीच्या जागी आणली, तरी चालू प्रोग्रॅम जुनीवरच चालत राहतो. नाव पुसले, तरी तो थांबेपर्यंत जुनी फाईल डिस्कवर जिवंत असते. दोष शोधणारा डीबगर नुसते नाव पाहून नवी उघडील, तर भलतीच ओळ दाखवील. म्हणून जीडीबीसारखा डीबगर दोन्हींतली 'बिल्ड-आयडी' ही खूण ताडून पाहतो. खूण जुळली नाही, तर चूक प्रोग्रॅमची नसते, हाती धरलेल्या फाईलची असते.

मी गप्प झालो. गावाचे नाव तेच. पण आबा जुन्या कारेगावात चालत होते आणि मी त्यांना नव्यावरून तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर भिंतीपर्यंत गेलो. विचारले, "आबा, मोट कुठं होती?"

त्यांनी भिंतीला काठी टेकवली आणि सांगायला सुरुवात केली.

— द्वितीय वर्ष, कला